कोणता प्रश्न कोणत्या भाषेत?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या कुणी मोबाइलवर 'घरपट्टी ऑनलाइन भरणे' असा सर्च मारला, तर समोर बहुधा पुणे, नाशिक, ठाण्याची पाने येतात. माणूस वैतागतो. 'गूगलला मराठी कळत नाही' असा निकाल देतो आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. तो दोन मिनिटांत काम करून देतो आणि त्याचे पैसे घेतो. त्या माणसाकडे जास्त चांगले यंत्र नसते. त्याने घरपट्टीचा गुजराती शब्द घालून 'मिलकत वेरो वडोदरा' असे लिहिलेले असते, एवढेच.

गूगलला मराठी चांगली कळते. तुम्ही कुठे बसला आहात हेही त्याला बऱ्यापैकी ठाऊक असते. पण कुणीतरी कुठेतरी लिहिलेली पानेच ते दाखवू शकते, आणि वडोदरा महापालिकेच्या कुठल्याच कागदावर 'घरपट्टी' हा शब्द नाही. तो महाराष्ट्रातल्या नगरपालिकांचा शब्द आहे. बडोद्याचा मराठी माणूस तो घरात ऐकत आला, मराठी वर्तमानपत्रांत वाचत आला, म्हणून त्याला आपला वाटतो. शब्द आपला असला तरी कचेरी दुसऱ्या शब्दाने चालते.

आपल्या शहरातल्या मराठी माणसाची शोधातली खरी अडचण इथे आहे, असे आमचे मत आहे. भाषा येत नाही ही तक्रार त्याच्या बाबतीत खोटी. मराठी, गुजराती, हिंदी आणि कामापुरती इंग्रजी अशा चार भाषा त्याच्या तोंडात रोज असतात. कोणता प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नाही. ते सांगणे हे शाळेचे आणि वाचनालयाचे, म्हणजे सार्वजनिक, काम आहे. 'ज्याचे त्याने बघावे' म्हणून ते सोडून देणे या शहराला तर अजिबात शोभत नाही. त्याचे कारण पुढे येईल. आधी कामाचे बोलू.

शोधयंत्र तुमचा प्रश्न घेऊन त्या क्षणी इंटरनेटभर धावत सुटते, असा एक समज आहे. तसे होत नाही. त्याचे रोबोट आधीच पाने वाचून ठेवतात, त्यातल्या शब्दांची प्रचंड सूची बनवून ठेवतात आणि तुम्ही प्रश्न टाकला की ती सूची चाळली जाते. मग कोणते पान वर ठेवायचे हे ठरते. याचे दोन परिणाम ध्यानात ठेवावेत. पहिला असा की ज्या पानावर तुमचा किंवा त्याच्या जवळचा शब्द नाही, ते पान सापडणे कठीण. दुसरा जास्त महत्त्वाचा: जी माहिती फॉर्म भरल्यावर, कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरे टाकल्यावरच पडद्यावर येते, ती या सूचीत बहुधा नसतेच. जमिनीचा उतारा, मालमत्तेचा थकलेला कर, वाचनालयातल्या पुस्तकांची संगणकीय सूची ही सगळी अशी कुलूपबंद माहिती. सर्व्हे नंबर गूगलमध्ये टाकून उतारा शोधणारे लोक म्हणून रिकाम्या हाताने परततात. तिथे कागद शोधायचा नसतो, कागदाकडे नेणारे दार शोधायचे असते. आत गेल्यावर नंबर टाकायचा.

एक उदाहरण पुरते उलगडून पाहू. आजोबांच्या नावावरचे जुन्या शहरातले घर आहे आणि वारसांना सिटी सर्व्हेचा उतारा बघायचा आहे. सहज सुचणारा सर्च असा:

मालमत्ता पत्रक उतारा ऑनलाइन

यात सापडते ती महाभूमी, म्हणजे महाराष्ट्राच्या जमीन नोंदींचे संकेतस्थळ, आणि तिच्याभोवतीची खासगी पाने. चूक शब्दाची, कारण 'मालमत्ता पत्रक' हा महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख खात्याचा शब्द. दुसऱ्या फेरीत गुजरातचा शब्द आणि जागा दोन्ही घाला:

प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्वे वडोदरा

आता गुजरातची पाने येऊ लागतात आणि त्यांत 'एनीआरओआर' हे नाव पुन्हा पुन्हा दिसते. हे गुजरात सरकारचे जमीन नोंदींचे संकेतस्थळ. पण त्याच नावाच्या आसपासची नावे घेतलेली खासगी पानेही याच यादीत असतात. हुबेहूब रंग, राजमुद्रेचे चित्र, मधोमध जाहिराती. म्हणून तिसरी फेरी सरकारी पत्त्यापुरती बांधून घ्यायची. 'साइट' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत लहान अक्षरांनी लिहायचा, त्याला चिकटून कोलन द्यायचा आणि त्याला चिकटून पत्ता: गुजरात डॉट जीओव्ही डॉट इन. कोलनच्या आधी किंवा नंतर मोकळी जागा सुटली की सगळे मुसळ केरात, कारण मग यंत्र 'साइट' हा साधा शब्द समजून शोधते. जीओव्ही डॉट इन हा शेवट फक्त सरकारी संस्थांनाच मिळतो. पत्ता वाचताना नजर त्याच्या शेवटावर हवी, म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी काय आहे त्यावर. सुरुवातीला काय लिहिले आहे याला किंमत नाही. तिथे 'गुजरात' कुणीही लिहू शकतो.

आत गेल्यावर ग्रामीण आणि शहरी असे वेगळे रस्ते आहेत. शहरी भागात जिल्हा, सिटी सर्व्हे कचेरी, वॉर्ड आणि सर्व्हे नंबर विचारला जातो. नंबर ठाऊक नसेल तर तो शोधयंत्राला विचारून उपयोग नाही. जुन्या दस्तावेजात बघावा. पडद्यावर दिसणारा उतारा माहितीपुरता असतो, सही-शिक्क्याची नक्कल हवी असेल तर तिची वाट वेगळी.

वारसांची नावे लावण्याच्या कामातही हीच गत. मराठीत 'वारस नोंद' शोधले की तलाठी, फेरफार, तहसीलदार असे शब्द येतात. गुजरातेत शोधायचा शब्द 'वारसाई', नोंदीचा 'हक्कपत्रक नोंध', कचेरी मामलतदाराची आणि तालुक्याच्या ठिकाणी ई-धरा हे जमीन नोंदींचे केंद्र. यातली गंमत अशी की 'मामलतदार' हा मराठेशाहीतला शब्द गुजरातने टिकवला आहे. महाराष्ट्राने तो जवळजवळ सोडून तहसीलदार धरला. तेव्हा बडोद्यात बसून अस्सल जुना मराठी शब्द टाकला तर तो इथे चालतो आणि पुण्यात अडतो!

उत्पन्नाच्या दाखल्याला 'आवकनो दाखलो' म्हणा म्हणजे 'डिजिटल गुजरात' या तिथल्या सरकारी सेवांच्या संकेतस्थळाचे पान सापडेल; 'उत्पन्नाचा दाखला' म्हणालात तर महाराष्ट्राचे 'आपले सरकार', म्हणजे दुसऱ्याच राज्याचे. खरेदीखत इथे 'वेचाण दस्तावेज' असते. नळपट्टीला 'पाणी वेरो'. सातबारा सुदैवाने आकड्यांतच लिहिला जातो, पण सोबत गुजरात लिहायला विसरू नये. गुजराती लिपीचा कीबोर्ड मोबाइलमध्ये घालून घेतला तर उत्तमच, कारण देवनागरीत लिहिलेला गुजराती शब्द यंत्र कधी ओळखते, कधी नाही. गुजराती वाचता येते पण टाइप करता येत नाही असे मराठी लोक पुष्कळ आहेत. त्यांनी कीबोर्डवरचा माइक गुजरातीवर लावून बोलावे. अक्षरे आपोआप उमटतात.

इथे कुणी म्हणेल, मग मराठीत शोधूच नये का? अगदी उलट. जिथे मराठीचे राज्य होते तिथे मराठीतच शोधावे, फक्त ती कोणत्या काळातली मराठी हे बघावे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याआधीच्या गोष्टी शोधताना आजचा गुजराती शब्द कुचकामी आणि आजचा मराठी शब्दही अपुरा.

नुसत्या गावाच्या नावापासून सुरुवात करा. बडोदे, बडोदा, वडोदरा ही तीन रूपे देवनागरीतच झाली. रोमन लिपीत बरोडा आणि वडोदरा. यंत्र यांतली काही रूपे आपण होऊन जोडते, पण सगळी आणि नेहमी जोडेल या भरवशावर राहू नये. मध्ये उभी रेघ टाकून तिन्ही एकदम मागता येतात:

बडोदे | बडोदा | वडोदरा साहित्य संमेलन

ती रेघ 'यांपैकी कोणताही' असे सांगते. मराठीची आणखी एक अडचण इंग्रजीवाल्यांना कळणार नाही अशी आहे. आपले नाम विभक्ती लागताना रूपच बदलते. बडोदे म्हणून शोधणाऱ्याला 'बडोद्यातील', 'बडोद्याचे', 'बडोद्यास' असे लिहिलेले पान हुकू शकते. मूळ शब्द आणि सामान्यरूप असे दोन्ही टाकून बघण्याची सवय लावली की जुन्या लेखांचा वेगळाच थर वर येतो. अवतरणचिन्हांत बांधलेला शोध तर जसाच्या तसा जुळवला जातो. त्यात 'बडोद्यातील मराठी शाळा' आणि 'बडोद्यातल्या मराठी शाळा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

जुनी पुस्तके शोधताना शुद्धलेखनही जुने हवे. १९६२ च्या नियमांआधीची मराठी अनुस्वारांनी गच्च भरलेली: नांव, कांहीं, घरांत, बडोदें. स्कॅन केलेल्या पुस्तकातला मजकूर यंत्राने अक्षर न् अक्षर ओळखला असेल, तर त्याने 'नांव' ओळखला आहे, 'नाव' नाही. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातून आलेली मराठी पुस्तके खूप आहेत, पण त्यांची नावे तिथे रोमन लिपीत एका विचित्र पद्धतीने चढवली गेली. दीर्घ आ साठी दोनदा ए, दीर्घ ई साठी दोनदा आय, कुठे कुठे ष साठी एस-एच-एच. 'सयाजीराव' तुम्ही सरळ इंग्रजी स्पेलिंगने शोधाल तर काही पुस्तके दिसणारच नाहीत. मधले ए आणि आय दुप्पट करून पुन्हा एकदा शोधावे लागते. गायकवाड आडनावाचे तर विचारूच नका. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांत ते शेवटी ड ऐवजी र घेऊन येते, कधी गुइकोवार होऊन येते. एखाद्या घराण्याचा किंवा वाड्याचा इतिहास शोधणाऱ्याने या रूपांची चिठ्ठी आधी कागदावर करावी, मग संगणकाला हात लावावा.

साहित्य संमेलनाचेच बघा. बडोद्यात ते १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ या वर्षी भरले. नुसते 'बडोदे साहित्य संमेलन' शोधले की २०१८ च्या बातम्यांचा ढीग पडतो, कारण इंटरनेटवर ताजे जास्त लिहिलेले असते. १९३४ चे हवे तर अध्यक्षांचे नाव, ना. गो. चापेकर, सोबत द्यावे आणि नको असलेल्या वर्षाला वजा करावे. वजाचे चिन्ह वर्षाला चिकटून, त्याच्या आधी मात्र एक मोकळी जागा. वर्ष देवनागरी आकड्यांत आणि इंग्रजी आकड्यांत असे दोन्ही तऱ्हेने वजा करणे शहाणपणाचे, कारण मराठी पाने दोन्ही आकडे वापरतात.

काही गोष्टी मात्र कितीही हुशारीने शोधल्या तरी सापडणार नाहीत, आणि हे आधी ठाऊक असले तर रात्री वाया जात नाहीत. मोडी कागदांची छायाचित्रे आंतरजालावर असली, तरी त्यांच्या आतला मजकूर शोधता येत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीच्या अक्षरांना नेमून दिलेल्या संकेतांच्या यादीत, २०१४ साली जागा मिळाली. पण जागा मिळणे आणि हस्तलिखित वाचता येणे यांत फार अंतर आहे. तसेच ज्या संस्थांनी आपल्या स्मरणिका आणि अंक जुन्या फॉन्टांत जुळवून पीडीएफ करून ठेवले आहेत, तेही शोधयंत्राच्या लेखी कोरेच. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. अशा पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवून बघा. चिन्हांचा उकिरडा बाहेर आला तर समजावे, हा अंक जगाच्या दृष्टीने छापलाच गेलेला नाही. बडोद्यातल्या मराठी मंडळांनी, परिषदांनी आणि शिक्षणसंस्थांनी हा प्रयोग आपापल्या कपाटावर करून पाहावा. सगळा अंक पुन्हा टाइप करायला पैसा लागतो, हे मान्य. पण प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका, म्हणजे लेखाचे नाव, लेखक, महिना, वर्ष आणि पान, युनिकोडमध्ये एका साध्या पानावर चढवायला एका अंकामागे अर्धा तास पुरतो. तेवढ्यावर तो अंक सापडू लागतो.

युनिकोडमध्ये असूनही गोची होते ती 'ॲ' आणि 'ऱ्या' यांची. 'ॲ' एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि अ वर चंद्र ठेवूनही. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला आहे. 'दुसऱ्या' मधला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी साठतो. गूगल हे बहुतेक वेळा समजून घेते. छोट्या संकेतस्थळांवरचा आणि वाचनालयांच्या सूचीतला शोध मात्र समजून घेईलच असे नाही. तिथे असा शब्द मिळाला नाही तर त्याचा न अडणारा तुकडा टाकावा, 'दुसऱ्या' ऐवजी नुसते 'दुस'. पूर्ण शब्दाचा हट्ट धरणारी सूची असेल तर मात्र हीही युक्ती चालत नाही.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. फक्त पीडीएफ हवी असेल, म्हणजे परिपत्रक, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, तर 'फाइलटाइप' हा इंग्रजी शब्द जोडून, कोलन देऊन पीडीएफ लिहावे. गूगल तुमचा शब्द परस्पर बदलून दुसराच शोधत असेल तर साधनांच्या पट्टीत 'शब्दशः' हा पर्याय आहे. तिथेच तारखेची मर्यादाही घालता येते. नियम आणि शुल्क बदलत असल्याने सरकारी कामात ती घालावीच. प्रश्न लांबलचक लिहून काही साधत नाही, ३२ शब्दांच्या पुढचे गूगल सोडून देते आणि खरे तर चार-पाच शब्दांतच काम व्हायला हवे. पहिला सर्च उत्तरासाठी करू नका. तो त्या विषयातले जाणकार कोणते शब्द वापरतात ते टिपून घेण्यासाठी असतो. दुसरा सर्च त्या शब्दांनी करायचा. ही एक सवय लागली तर बाकीच्या युक्त्या विसरल्या तरी चालेल.

आता मोठा आक्षेप. 'हे सगळे जुने झाले. आता एआयला साध्या बोलीत विचारायचे, ते सांगते.' गूगलने २०२४ पासून भारतातही उत्तरांच्या वर एआयचा सारांश द्यायला सुरुवात केली आहे, तेव्हा हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. इंग्रजीतली अवघड गोष्ट सोपी करून घ्यायला, अनोळखी विषयातले शब्द गोळा करायला हे साधन फार चांगले आहे. वर सांगितलेला पहिला सर्च त्यालाच सोपवावा. पण घरपट्टीचा घोळ तिथे संपत नाही, तो झाकला जातो. मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला मराठी मजकुरातून उत्तर तयार होण्याकडे कल असतो आणि मराठी मजकूर बहुतांश महाराष्ट्राचा. पूर्वी पुण्याचे पान समोर आले की 'हे आपले नाही' हे पत्त्यावरून दिसायचे तरी. आता महाराष्ट्राची रीत, तिथले शुल्क, तिथली कचेरी हे सगळे सफाईदार मराठीत, गावाचे नाव न घेता समोर येऊ शकते आणि वाचणारा ते बडोद्याचे समजतो. म्हणून प्रश्नात राज्य आणि शहर लिहावेच. उत्तराखाली दिलेल्या दुव्यांपैकी निदान एक उघडून त्याचा शेवट जीओव्ही डॉट इन आहे का ते बघावे. एआयचे कवच नको असेल तर निकालांच्या वरच्या पट्टीत, मोबाइलवर कधी 'आणखी' च्या आत, 'वेब' हा पर्याय आहे. तो दाबला की नुसते दुवे उरतात.

एका बाबतीत तर शोधयंत्र वापरूच नये. बँक, गॅस, कुरिअर किंवा पैशांचे ॲप यांचा मदत क्रमांक. ठग आपले क्रमांक 'कस्टमर केअर' म्हणून पानोपानी पेरून ठेवतात, कधी जाहिरात देऊनही, आणि घाईत असलेला माणूस पहिला दिसलेला क्रमांक फिरवतो. क्रमांक कार्डाच्या मागे, पासबुकावर, बिलावर किंवा ॲपच्या आत असतो. फसगत झालीच तर १९३० हा सरकारी सायबर मदत क्रमांक ताबडतोब फिरवावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवले तर ते अडवता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक तरी शोधण्याची वेळ येऊ नये. आत्ताच मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा.

हे सगळे शिकवायचे कुणी? इथे या शहराचा इतिहास आडवा येतो, चांगल्या अर्थाने. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि त्यापुढचा प्रश्न त्यांना लगेच दिसला: वाचायला शिकलेल्या माणसाने वाचायचे काय आणि ते त्याला मिळायचे कसे? त्यासाठी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्यास आणले गेले. सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, गावोगाव पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. आणि १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग निघाला. पुस्तके विकत घेणे पुरेसे नाही, ती शोधून देणारी माणसे घडवावी लागतात, हे त्या राज्यकर्त्याला तेव्हा कळले होते. आज पुस्तकांच्या जागी पडदा आला आणि शोधून देणारा माणूस मधून गायब झाला. चांगला ग्रंथपाल पुस्तक काढण्याआधी विचारतो, 'नक्की कशासाठी हवंय?' शोधाची चौकट हा प्रश्न विचारत नाही. तो आपला आपल्याला विचारावा लागतो, आणि तो विचारायला शिकवणे हाच या विषयाचा अभ्यासक्रम.

आमची सूचना फार खर्चाची नाही. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि शहरातल्या प्रत्येक मोठ्या वाचनालयात आठवड्यातून दोन तास एक टेबल. त्यावर एक संगणक, मराठी-गुजराती-इंग्रजी तिन्ही कीबोर्ड घातलेला, आणि एक माणूस जो उत्तर शोधून देणार नाही, प्रश्न कसा लिहायचा ते दाखवील. लोकांनी आपले खरे काम घेऊन यावे: अडकलेला दाखला, मुलाच्या प्रवेशाचे परिपत्रक, आजोबांच्या नोकरीची नोंद. शाळांनी आठवीपासून महिन्यातून एक तास द्यावा. 'माहिती मिळवा व लिहा' असा गृहपाठ देऊन आईबापांच्या प्रिंटरला कामाला लावण्यापेक्षा मुलांना वहीत तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात: कोणते शब्द टाकले, पहिल्या फेरीत काय चुकले, दुसऱ्या फेरीत काय बदलले. उत्तर चुकले तरी गुण द्यावेत. या वहीची नक्कल करता येत नाही, कारण प्रत्येकाची चूक वेगळी.

आणि टेबलाजवळच्या भिंतीवर शब्दांची एक यादी लागावी. ही कल्पना आमची नव्हे. बडोदे सरकारने १९३१ मध्ये राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश छापला होता, श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू. इंग्रजी शब्दाला इतर भाषांत काय म्हणतात ते समोरासमोर, एकूण आठ भाषांत. कारभार बहुभाषी असेल तर प्रजेला आणि कारकुनाला एकमेकांचे शब्द सापडले पाहिजेत, इतका सरळ हिशेब. आजच्या यादीला आठ भाषा नकोत, तीन रकाने पुरेत: घरात काय म्हणतो, कचेरी काय म्हणते, गुजराती लिपीत ते कसे दिसते. घरपट्टी, मिलकत वेरो. नळपट्टी, पाणी वेरो. उत्पन्नाचा दाखला, आवकनो दाखलो. खरेदीखत, वेचाण दस्तावेज. वारस नोंद, वारसाई. फेरफार, हक्कपत्रक नोंध. मालमत्ता पत्रक, प्रॉपर्टी कार्ड. पुढच्या ओळी टेबलावर येणाऱ्या लोकांच्या कामांतून भरत जातील. त्यासाठी यादीखाली दोरीने बांधलेले एक पेन्सिल ठेवावे.